आर्नोवरची गुजरी

कोल्हापुरात राजाराम हे नाव इतक्या पाट्यांवर आहे की त्यातले राजाराम कुठले, हे सहसा कुणी विचारत नाही. राजारामपुरी आणि पंचगंगेवरचा राजाराम बंधारा ही शाहू महाराजांच्या चिरंजीवांची आठवण. राजाराम कॉलेज मात्र १८८० सालचं. ते चिरंजीव तेव्हा जन्मलेही नव्हते. कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते राजाराम महाराज वेगळे. पाटणकरांच्या घरातून दत्तक आलेले, १८६६ साली सोळाव्या वर्षी गादीवर बसलेले आणि विसाव्या वर्षी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात वारलेले. आपल्याकडे त्यांची आठवण पाटीपुरती उरली. फ्लॉरेन्सकरांच्या तोंडी ती रोज येते, पण त्यांना महाराजांचं नाव ठाऊक नाही. तो भाग पुढे येईलच.

१८७० च्या उन्हाळ्यात महाराज विलायतेला निघाले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे गादीवरच्या हिंदू राजानं बोटीत पाय ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. बरोबर कॅप्टन वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते आणि स्वतःची माणसं होती. लंडनला व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, स्कॉटलंड-आयर्लंड पाहून झालं. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती वेस्टनं पुढे १८७२ साली लंडनमध्ये छापून काढली. वाचताना सारखं जाणवतं की हा मुलगा बघायला निघालेला आहे, मिरवायला नव्हे. परतीच्या वाटेवर युरोपात फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलेलं होतं. मंडळी बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया करत आल्प्स उतरून इटलीत आली. त्या थंडीत महाराजांची तब्येत ढासळली. फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा अंथरुणाला खिळलेलेच होते आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, नदीकाठच्या ओन्यीसान्ती चौकातल्या हॉटेलात, ते गेले.

आता प्रश्न अंत्यसंस्काराचा. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. रोम सप्टेंबरातच हाती आलं होतं, पण राजधानीचं सामानसुमान अजून हललं नव्हतं. प्रेत जाळणं ही त्या देशात रूढ गोष्ट नव्हती. इटलीतलं नव्या पद्धतीचं पहिलं दहन मिलानला झालं ते १८७६ साली. तरी शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. महाराजांच्या माणसांना नदीकाठ हवा होता, तोही संगमाचा. प्रयाग चिखलीच्या संगमाजवळची माणसं ती, दुसरं काय मागणार? कासिने नावाच्या मोठ्या बागेच्या पश्चिम टोकाला मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो. त्या जागी रात्री चिता रचली गेली. फ्लॉरेन्सची माणसं थंडीत बघायला जमली होती. ब्राह्मणी विधी, तूप, चंदन, मशाली आणि भोवती टोप्या घातलेली इटालियन गर्दी. राख आर्नोत सोडली.

त्या संगमापासून प्रवाहाच्या उलट दिशेनं पाचेक किलोमीटर गेलं की तीच नदी एका पुलाखालून येते, आणि त्या पुलावर बाजार भरलेला असतो. पोंते वेक्यो. नावाचा अर्थ नुसता ‘जुना पूल’.

कोल्हापूरच्या माणसाला हा पूल समजावून सांगणं सोपं आहे. गुजरी उचलायची, दोन्ही बाजूंच्या सराफ पेढ्यांसकट, आणि नदीवर ठेवून द्यायची. मधून तेवढाच चिंचोळा रस्ता, दोन्ही हातांना खेटून दुकानं, प्रत्येकात सोनं. रस्त्यावरून चालताना आपण नदीवर आहोत हे कळतसुद्धा नाही. पुलाच्या ऐन मध्यावर दुकानांची रांग तुटते, तिथं दोन्हीकडे पाणी दिसतं, तेव्हा कळतं. दुकानं आतून इतकी अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकानं बाहेर यावं. मागच्या खोल्या भिंतीबाहेर पाण्यावर लोंबतात, खाली तिरक्या लाकडी टेकूंवर तोललेल्या. काठावरून पाहिलं तर कुणी पिवळी, कुणी तांबडी, कुणी वरती कुणी खालती, अशा खोक्यांची ती रांग दिसते. संध्याकाळी दुकान बंद करतात तेव्हा लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या जाड फळ्या लागतात आणि प्रत्येक दुकान भल्यामोठ्या संदुकीसारखं दिसू लागतं. गुजरीत साज आणि ठुशी, तिथं अंगठ्या आणि साखळ्या, एवढाच फरक.

पण हा पूल सोन्याचा पहिल्यापासून नव्हता. आधी तो वारंवार वाहून जाणारा पूल होता. १११७ साली गेला, पुन्हा बांधला. ४ नोव्हेंबर १३३३ रोजी आर्नोला जो पूर आला त्यात पुन्हा गेला, आणि जाताना टोकाशी उभा असलेला रोमन युद्धदेव मार्सचा जुना पुतळाही घेऊन गेला. त्या पुतळ्यापाशी शंभरेक वर्षांपूर्वी बुओंदेल्मोंते नावाच्या एका तरुणाचा खून झाला होता. ठरलेलं लग्न मोडून दुसरीकडे बोहल्यावर चढायला निघाला म्हणून मुलीकडच्यांनी त्याला घोड्यावरून ओढून मारला. त्यातून शहरातल्या घराण्यांत उभी फूट पडली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालली, असं फ्लॉरेन्सवाले सांगत आले. आपल्याकडच्या भाऊबंदकीच्या कथा ऐकलेल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

नवा पूल १३४५ साली पुरा झाला. आपल्या इतिहासात ती यादवांचं राज्य बुडून गेल्यानंतरची वर्षं. दोनच वर्षांनी, १३४७ मध्ये, दख्खनमध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. पूल कुणी आखला यावर वाद आहे. तद्देओ गद्दी या चित्रकाराचं नाव जुनं, नेरी दि फिओरावांती याचं नाव अलीकडचं. कुणीही असो, त्यानं पुराचं गणित नीट मांडलं होतं. रोमन लोक कमान अर्धगोल बांधत. तीस मीटर रुंदीची अर्धगोल कमान म्हणजे पंधरा मीटर उंची. इतका उंच पूल शहराच्या मध्यात चालत नाही, आणि उंची टाळायला कमानी लहान करून संख्या वाढवली की नदीच्या पात्रात खांबांची दाटी होते. मग पूर आला की ओंडके, झाडं, गवत त्यात अडकून पुलाचं धरण होतं आणि पाण्याच्या रेट्यानं सगळंच जातं. यानं अर्धगोलाचा वरचा तुकडा तेवढा घेतला. मधली कमान तीस मीटर, बाजूच्या दोन सत्तावीस-सत्तावीस मीटर, आणि उंची चार-साडेचार मीटरच्या आसपास. नदीत फक्त दोन खांब. चपटी कमान बाजूंना फार जोरानं ढकलते, म्हणून काठाचं बांधकाम भक्कम लागतं. ते त्यानं केलं.

दुकानं मात्र शोभेसाठी आली नव्हती. पुलाला खर्च आला होता आणि तो वसूल व्हायला हवा होता. नगरपालिकेनं पुलावर एकसारखे चाळीसहून अधिक गाळे काढले आणि भाड्यानं दिले. महापालिकेच्या गाळ्यांचं भाडं, थकबाकी, पोटभाडेकरू ही भानगड आपल्याला वाटते तितकी अलीकडची नाही. शहर तटाच्या आत कोंडलेलं, जागेला सोन्याचा भाव, आणि पुलावरून रोज हजारो माणसं जाणार. गाळ्याला याहून चांगली जागा कुठली? त्याच हिशेबानं लंडन ब्रिजवर १२०९ पासून घरं होती, पॅरिसच्या पुलांवर होती, जर्मनीत एरफुर्टला तर अजून आहेत. आपल्या देशात श्रीनगरला झेलमवरच्या लाकडी कदलांवर, म्हणजे पुलांवर, एके काळी दुकानांच्या रांगा होत्या.

आपल्याकडे दख्खनमध्ये असं का झालं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर शोधायला पंचगंगा घाटाच्या पलीकडे जावं लागत नाही. जुलै उजाडला की अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आणि ‘पाणी जामदार क्लबपाशी आलं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. त्याच नदीत मे महिन्यात गुडघाभर पाण्यातून म्हशी पलीकडे जातात. जी नदी आठ महिने चालत ओलांडता येते तिच्यावर पूल कोण बांधणार, आणि उरलेल्या चार महिन्यांत प्रवास तरी कोण करणार? फौजासुद्धा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. पावसाळ्यात होड्या होत्याच. बाजार नदीवर बसायचं कारण नव्हतं. कोल्हापूरचा बाजार अंबाबाईच्या दारात बसला, महाद्वाराला. आपण नदीला पूल दिला नाही, घाट दिले. पायऱ्या पाण्याखाली गेल्या तर बिघडत नाही, चार दिवसांनी वर येतात.

पोंते वेक्योवर सुरुवातीला वाटेल तो धंदा होता. १४४२ मध्ये शहरातले खाटीक तिथं आणून बसवले. कारण व्यवहारी होतं. कापाकापी, धुणं, उरलंसुरलं सगळं खिडकीतून थेट नदीत. चामडं कमावणारे, लोहारही होते. दिवाळं निघालेल्या व्यापाऱ्याचा बाक शिपाई इथंच फोडत आणि त्या फुटलेल्या बाकावरून इटालियन भाषेत दिवाळखोरीचा शब्द आला, असं सांगतात. आपल्याकडे दिवाळं निघालेला पेढीवाला भर दिवसा दिवा लावून बसे, त्यावरून ‘दिवाळं’ आलं म्हणतात. दोन्ही व्युत्पत्ती सारख्याच ऐकीव आणि सारख्याच चटकदार. पुढे १४९५ मध्ये पैशाची नड लागली तेव्हा सरकारनं गाळे विकून टाकले. मालकी खासगी झाली आणि जो तो आपापल्या गाळ्याला मागे खोली, वर माळा काढत सुटला. पाण्यावर लोंबणाऱ्या त्या खोल्या, ज्यांचे फोटो काढायला आज जग लोटतं, त्या मूळच्या आराखड्यात नव्हत्या. आजच्या भाषेत ते अतिक्रमण.

१५६५ हे साल मराठी वाचकाला तालिकोटचं म्हणून ठाऊक असतं. त्याच साली फ्लॉरेन्सच्या कोझिमो दे मेदिची या ड्यूकच्या मुलाचं, फ्रान्चेस्कोचं, ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न ठरलं. लग्नाच्या निमित्तानं कोझिमोनं जोर्जो वझारी या चित्रकार-वास्तुकाराकडून कचेरीपासून नदीपलीकडच्या वाड्यापर्यंत एक झाकलेला मार्ग बांधून घेतला. किलोमीटरभर लांबीचा, आणि पाच महिन्यांत पुरा. कारभार करून घरी जाताना रयतेत मिसळायला नको, खंजिराची भीती नको. हा मार्ग पुलावरच्या पूर्वेकडच्या दुकानांच्या डोक्यावरून गेला. पलीकडच्या टोकाला मान्नेल्ली घराण्याचा बुरूज आडवा येत होता. त्यांनी पाडू दिला नाही, आणि ड्यूकनंही हट्ट सोडला. मार्ग बुरुजाला वळसा घालून गेला, तो आजही तसाच आहे. रस्ता रुंदीकरणात कुणाचं घर वाचतं आणि कुणाचं जातं, हे पाहिलेल्या माणसानं तो वळसा जरूर बघावा.

आता राजाच्या अक्षरशः नाकाखाली खाटकांची दुकानं आली. अठ्ठावीस वर्षं तो वास वर जात राहिला. अखेर १५९३ मध्ये फेर्दिनांदो या ड्यूकनं हुकूम काढला: खाटीक, चांभार, लोहार सगळे बाहेर, इथं फक्त सोनार आणि जवाहिरे बसतील. शहाजीराजांचा जन्म त्याच सुमाराचा, १५९४. तेव्हापासून आजपर्यंत पुलावर सोनंच आहे. ऐरणीवरची बारीक ठकठक, मूस, फुंकणी, तराजू. शौर्याच्या नाही, वासाच्या कारणानं पुलाचं नशीब पालटलं, हे मला त्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडतं पान.

बाकीच्या शहरांत असे पूल टिकले नाहीत. आगी लागल्या, गाड्यांना रस्ता पुरेना. लंडन ब्रिजवरची घरं १७५८ ते १७६२ या काळात उतरवली आणि पूलच १८३१ मध्ये पाडला. राजाराम महाराज लंडनला गेले तेव्हा तिथं नवा दगडी पूल होता.

फ्लॉरेन्सचा पूल मात्र एकदा अगदी थोडक्यात वाचला. ३ ऑगस्ट १९४४ च्या रात्री, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेनं आर्नोवरचे बाकीचे सगळे पूल सुरुंगानं उडवले. पोंते वेक्यो तेवढा ठेवला, आणि तो वापरता येऊ नये म्हणून दोन्ही टोकांची मध्ययुगीन घरं पाडून राडारोड्याचे डोंगर केले. हिटलर १९३८ मध्ये येऊन पूल पाहून गेला होता, त्याला आवडला होता, म्हणून वाचला असं एक सांगणं. जर्मन वाणिज्यदूत गेरहार्ड वोल्फ यानं रदबदली केली असं दुसरं, आणि २००७ पासून त्याच्या नावाची पाटी पुलावर आहे. माझ्या मते पुलाचा अरुंदपणाही त्याच्या कामी आला. ज्यावरून रणगाडा जात नाही त्या पुलासाठी दारू कोण खर्च करील?

आणि इथं पुन्हा आपली माणसं येतात. फ्लॉरेन्सकडे सरकणाऱ्या दोस्त फौजांत आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. बेळगावच्या डेपोत तयार झालेले जवान, कोल्हापूर, सातारा, कोकण इकडचे. जुलैअखेरीस ते शहराच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी नावाच्या गढीत शिरले, तर आत भिंतींना चित्रं टेकवून ठेवलेली. बॉम्बच्या भीतीनं उफ्फीझी संग्रहालयानं आपला खजिना इथं हलवला होता. बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्यात होतं, उच्चेल्लोचं लढाईचं चित्र होतं. मराठे पहाऱ्याला उभे राहिले. वसंत ऋतूच्या त्या चित्रातल्या झिरझिरीत वस्त्रांतल्या बायकांसमोर बंदूक घेऊन उभा राहिलेला जवान मनात काय म्हणाला असेल, हे लिहायला एखादा शंकर पाटील हवा. त्या इटलीच्या मोहिमेत पडलेले आणि दहन झालेले भारतीय सैनिक फोर्ली इथल्या स्मारकावर नावानं नोंदलेले आहेत. १८७० मध्ये ज्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती, त्याला आता दगडी स्मारक मिळालं.

४ नोव्हेंबर १९६६. तारीख वाचून क्षणभर थांबा: १३३३ चा पूर याच तारखेचा. मध्यरात्रीनंतर पुलावरच्या राखणदाराला पायाखाली थरथर जाणवली आणि त्यानं सोनारांना फोन करून उठवलं. ते धावत आले आणि हाताला लागेल ते सोनं पिशव्यांत भरून निघून गेले. सकाळी पाणी दुकानांच्या खिडक्यांतून आरपार वाहत होतं आणि झाडांचे बुंधे कमानींवर आदळत होते. लोंबणाऱ्या खोल्यांची मागची अंगं फुटली म्हणून पाण्याला वाट मिळाली आणि पूल तगला, असं जाणकार म्हणतात. पाणी उतरल्यावर चिखल उपसून दागिने शोधण्याचं काम सुरू झालं. सराफ कट्ट्याच्या गटारातली माती धुऊन सोन्याचा कण काढणाऱ्या आपल्या झारेकऱ्यांना ते पाहून हसू आलं असतं.

महाराजांच्या चितेच्या जागी १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, आतला रंगीत अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि लेख चार भाषांतला. मँट म्हणजे ज्यांनी कोल्हापूरचा टाउन हॉल आणि पुढे नवा राजवाडा आखला तेच. टाउन हॉलच्या बागेत बसलेल्या माणसाला छत्रीची भावंडं डोक्यावरच दिसतात. त्याच टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास सापडलेली, काशाची लहानशी मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, रोमन व्यापाराच्या वाटेनं सातवाहनांच्या काळात इथं आलेला. म्हणजे तिकडचा देव पंचगंगेकाठी येऊन राहिल्याला सतराशे वर्षं झाल्यावर इकडचा राजा आर्नोकाठी गेला.

ब्रह्मपुरीला लागूनच आपला शिवाजी पूल. छत्री झाली त्याच १८७४ साली काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये पूल पुरा झाला. पाच दगडी कमानी, वर दुकान एकही नाही. शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला तेव्हा ब्रह्मपुरी संरक्षित स्मारक असल्यानं काम वर्षानुवर्षं अडलं, आणि त्या अडलेल्या अर्धवट पुलाकडे बघत कोल्हापूर जुन्यावरूनच ये-जा करत राहिलं.

शिवाजी पुलानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, कासिने बागेच्या टोकाशी आर्नोवर नवा पूल खुला झाला. पोलादी तारांनी तोललेला, मधला गाळा दोनशे मीटरच्या घरातला, गाड्यांच्या रस्त्याखाली पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट. शेजारच्या छत्रीवरून त्याचं नाव पडलं ‘पोंते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसापाशीचा पूल. शहरात त्याला नुसतं ‘इंदियानो’ म्हणतात. सकाळी कामावर निघालेला फ्लॉरेन्सकर घरात ओरडून सांगतो की आज इंदियानोवर गर्दी आहे, उशीर होईल. खालच्या वाटेनं कुत्री फिरवायला आलेली माणसं छत्रीपाशी थांबून बुटांच्या नाड्या बांधतात आणि पुढे जातात.